आधी फुगा, मग फूल

वाचकांचे प्रश्न : खेळाचा तास

या वेळी आलेल्या पत्रांतली बरीच पत्रं एकाच विषयावर आहेत. लहान मुलांच्या हातात रॅकेट कशी द्यायची, कधी द्यायची, आणि रॅकेट पुरेशा नसतील तर काय करायचं? निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. पत्रं थोडी आटोपती केली आहेत.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीची मिळून 46 मुलं आहेत. बॅडमिंटनच्या रॅकेट 8. खेळाची तासिका 35 मिनिटांची. रांगा लावून एकेकाला फूल (शटलकॉक) मारायला देते, पण निम्म्या मुलांना ते लागतच नाही आणि रांगेतली मागची मुलं मारामाऱ्या करतात. सुरुवात कुठून करू? (शिक्षिका, माण तालुका)

बाई, आधी रांग मोडा. आठ रॅकेट म्हणजे आठ रांगा, रांगेत सहा-सहा मुलं. फूल टाकणं, चुकणं, उचलून आणणं यात एका पाळीला वीस सेकंद सहज जातात, म्हणजे प्रत्येकाचा नंबर दोन मिनिटांनी लागतो. मैदानावर जाणं आणि सूचना देणं वजा जाता 24 मिनिटं उरली, तर एका मुलाच्या वाट्याला 12 पाळ्या येतात. त्यातल्या निम्म्या हुकल्या तर अख्ख्या तासात सहा टोले. सहा टोल्यांत कुणाला काही येत नाही. मारामाऱ्या होतात त्या मुलं वांड आहेत म्हणून नव्हे, हात रिकामे आहेत म्हणून.

आता फुग्याचा हिशेब बघा. मूल फुगा हवेत टिकवत राहिलं तर दीड-दोन सेकंदाला एक टोला बसतो, तीन मिनिटांत शंभराच्या आसपास. फुगा सावकाश येतो, त्यामुळे डोळ्याला त्याचा माग काढायला आणि पायाला त्याच्याखाली पोचायला वेळ मिळतो. फूल हुकतं ते बहुतेक वेळा हाताच्या दोषाने नाही, मूल उशिरा पोचतं म्हणून.

दहा इंची फुगे घ्या आणि तीन-चतुर्थांशच फुगवा. टम्म फुगवलेला फुगा हाताला लागताच लांब उडतो आणि नखानेही फुटतो. 46 मुलांना 46 आणि वर पाच-सहा जादा. हा तास वर्गात किंवा व्हरांड्यात घ्या, पंखा बंद करून. पहिल्या दिवशी रॅकेट कपाटातून काढूच नका.

हाताने खेळताना ‘डोंगर का पाणी’ घ्या, फक्त अर्थ बदलून. ‘पाणी’ म्हटलं की तळहाताने टोला, ‘डोंगर’ म्हटलं की बोटांची पेरं वर करून, पंज्याच्या पाठीने. पुढे जे फोरहँड-बॅकहँड म्हणून शिकवायचं ते इथेच अर्धं शिकून होतं. मुलं टोल्याच्या क्षणी फुग्याकडे न बघता तो जाणार तिकडे बघतात. त्यावर उपाय म्हणून फुग्यावर स्केचपेनने चार-पाच ठिकाणी वेगवेगळे आकडे लिहा आणि हात लागेल त्या जागेचा आकडा ओरडून सांगायला लावा. ‘बघ, बघ’ असं शंभरदा सांगण्यापेक्षा हे लवकर लागू पडतं.

दुसऱ्या तासाला परीक्षेचं पॅड. ते प्रत्येक घरात असतं, आणि रॅकेटीपेक्षा त्याचं मोठेपण हे की त्याला दांडी नाही. हातापासून टोल्याची जागा जितकी लांब, तितका नेम अवघड. चिमट्याला जुनं फडकं गुंडाळा, चिमटा मुठीत येईल असं पॅड धरायला लावा आणि फुगाच खेळवा. रॅकेट येईल तेव्हासुद्धा पहिले दोन-तीन दिवस रॅकेटीची मूठ जिथे संपते त्याच्या वर, दांडीवर हात धरू द्या. नेम बसू लागला की हात आपोआप खाली सरकवता येतो.

तिसऱ्या तासापासून सहा गट करा, गटात सात-आठ मुलं. प्रत्येक ठिकाणी चार मिनिटं, शिट्टी झाली की पुढच्या ठिकाणी. सहा चोक चोवीस मिनिटं बरोबर बसतात. एका ठिकाणी फुगा आणि पॅड. दुसऱ्या ठिकाणी लिंबू-चमच्याच्या शर्यतीसारखं, पण चमच्याऐवजी पॅड आणि लिंबाऐवजी फूल. तिसऱ्या ठिकाणी दोन मीटर उंचीवर बांधलेल्या दोरीवरून कागदाचे बोळे पलीकडे फेकणं. हे फेकणं चैनीचं समजून गाळू नका. डोक्यावरून मारायचा टोला म्हणजे फेकण्याचीच क्रिया आहे, फक्त हातातून काही सुटत नाही. उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे येतो का, एवढंच बघा. ज्याचा उजवाच पाय पुढे येतो त्याचा टोलाही पुढे लुळा पडणार. चौथ्या ठिकाणी लगोरी : फुलांचे रिकामे डबे रचायचे, पॅडने कागदाचा बोळा मारून पाडायचे. पाचव्या ठिकाणी फक्त पाय : फक्कीने चौकोन आखून चार कोपऱ्यांत फुलं ठेवायची आणि एकेक वेचून मधे आणायचं, दर वेळी मधल्या खुणेला पाय लावून.

आठही रॅकेट लागतात त्या सहाव्या ठिकाणी. दोन झाडांच्या मधे जरा ताणून दोरी बांधा आणि तिला दोन-दोन मीटर अंतर सोडून चार फुलं टांगा. निकामी, पिसं मोडलेली फुलं चालतात. दाभणात दोरा ओवून बुचाच्या खालून वर काढा, खाली गाठ मारा. दोरा पिसांच्या मधून वर जातो आणि बूच खाली लोंबतं. उंची अशी हवी : मुलाने रॅकेट धरून हात सरळ वर केला की जाळीचा मधला भाग जिथे येतो, त्याच्या चार बोटं खाली बूच. जोडीतल्या एकाने मारायचं. दुसऱ्याने हातातली रॅकेट खाली ठेवून तीन पावलं मागून मोजायचं, दहा टोल्यांनी पाळी बदलायची. टोला नीट बसला तर फूल सरळ पुढे झोका घेतं. उशिरा बसला तर दोरा रॅकेटीभोवती गुंडाळला जातो. म्हणजे चूक तुम्हाला सांगावी लागत नाही, दोरा सांगतो. कोपर वाकवून, डोक्यामागून ढकलल्यासारखं मारणारी मुलं हमखास फुलाच्या अगदी खाली उभी असतात. त्यांना एक पाऊल मागे घ्या. फूल मारणाऱ्या खांद्याच्या वर आणि वीतभर पुढे दिसलं पाहिजे.

प्रश्न : मुलं रॅकेट तव्यावर उलथनं धरावं तशी धरतात. दुरुस्त केली तरी दोन मिनिटांत पुन्हा तेच. काय करावं? (क्रीडाशिक्षक, नाशिक)

सर, मुलं तशी धरतात कारण तशी धरल्यावर लागतं! जाळीचा चेहरा समोर असतो, फूल समोरून येतं, धडक बसते. जाळ्याजवळ, नेटपाशी वर आलेलं फूल खाली मारताना मोठे खेळाडूही पकड जवळपास अशीच करतात. त्यामुळे ‘चूक, चूक’ म्हणून तिला बदनाम करू नका. अडचण पुढे येते. या पकडीत कोपरापासून मनगटापर्यंतचा हात फिरवायला जागा राहत नाही, आणि डोक्यावरच्या टोल्याचा बराचसा जोर त्या फिरण्यातून येतो. शिवाय बॅकहँडला चेहरा वळतच नाही, मग मूल अख्खं अंग वळवतं.

पकड शिकवताना रॅकेटीची कड कुठे आहे, ते मुलाला कळायला हवं. कोयत्याने ऊस तोडताना धार ज्या बाजूला असते, त्या बाजूला चौकटीची कड. शहरातल्या मुलांना हातोडी सांगा. रॅकेट कडेवर उभी धरून हवेत चार वेळा खिळा ठोकायला लावा, आणि त्याच पकडीत थांबवा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच आता चौकटीच्या वरच्या कडेच्या रेषेत आलेली असते. तिथे मुठीवर रंगीत चिकटपट्टीची पातळ रेघ ओढून ठेवा, म्हणजे मुलाला खाली बघून स्वतःच तपासता येतं. बॅकहँडला एवढाच बदल : अंगठा मुठीच्या रुंद बाजूवर सपाट टेकवायचा, मागून ढकलल्यासारखा.

पकड बिघडण्याचं आणखी एक कारण म्हणजे आवळून धरणं. आवळलेल्या मुठीत रॅकेट फिरत नाही, म्हणून मूल मनगट मुरडतं. मुलाने रॅकेट धरली असताना दुसऱ्या टोकाला धरून हलकेच ओढून बघा. ती किंचित सरकली पाहिजे, निसटता कामा नये. घामाने निसटत असेल तर मुठीवर कापडी पट्टी गुंडाळा. उन्हाळ्यात ती आठवड्याने बदलावी लागते.

सवय लावायला ‘विषामृत’ चांगलं. सगळ्यांनी जाळीवर फूल उभं ठेवून मैदानात फिरायचं, पाणी-डोंगर आलटून पालटून. दोघांवर राज्य. ते ज्याला हात लावतील किंवा ज्याचं फूल पडेल तो विष, जागच्या जागी उभा. मोकळ्या गड्याने येऊन आपलं फूल न पाडता त्याचं फूल उचलून जाळीवर ठेवलं की अमृत. आवळून धरणाऱ्याचं फूल दर चार पावलांना पडतं, आणि ती मुलं न सांगता हात सैल करतात. पाच मिनिटांपेक्षा जास्त खेळवू नका, मग नुसती पळापळ उरते.

प्रश्न : शाळा समुद्रापासून जवळ, सभागृह नाही. फूल मारलं की वारा घेऊन जातो, फुगा तर थेट माडावर. बॅडमिंटनचा नाद सोडून द्यावा का? (मुख्याध्यापक, गुहागर परिसर)

नाद सोडू नका, फूल सोडा. पिसांचं किंवा नायलॉनचं फूल साधारण पाच ग्रॅमचं (पिसांच्या फुलाचं नियमाप्रमाणे 4.74 ते 5.50 ग्रॅम), आणि त्याचा घेर वारा पकडण्यासाठीच जणू केलेला. बुचात खिळा किंवा टाचणी टोचून ते जड करायचा उपाय कुणी सुचवला तर तो मुळीच करू नका. खिळा निघून डोळ्यात जाईल.

दक्षिण भारतात याच अडचणीवर जुनं उत्तर आहे : लोकरीचा चेंडू. बॉल बॅडमिंटन हा खेळ त्यावरच उभा आहे. पाच-पाच गड्यांचा, मोकळ्या मैदानावरचा. त्याचा पिवळ्या लोकरीचा चेंडू पाच सेंटिमीटर व्यासाचा आणि 27 ते 30 ग्रॅमचा असतो, घट्ट गुंडाळलेला. तो लहान मुलांना जड पडतो आणि लागतोही. पण त्याची हलकी आवृत्ती चौथीच्या मुलांकडून कार्यानुभवाच्या तासाला करून घेता येते.

सहा सेंटिमीटर रुंदीचा पुठ्ठा घ्या. त्यावर विणकामाची लोकर एकावर एक दोनशे वेढे गुंडाळा. वेढे न विस्कटता पुठ्ठ्यावरून सरकवून काढा आणि बरोबर मधे नायलॉनच्या दोऱ्याने बांधा. एकाने वेढे दाबून धरायचे, दुसऱ्याने गाठ आवळायची, दोनदा. मग दोन्ही बाजूंचे फास कात्रीने कापा, पिंजारा आणि गोल कातरा. 25 ग्रॅमच्या गुंडीत, लोकरीच्या जाडीप्रमाणे, तीन-चार चेंडू होतात. सगळा जीव त्या मधल्या गाठीत आहे. ती सैल राहिली तर तिसऱ्या दिवशी मैदानभर लोकरीचे तुकडे होतात. सुती दोरा वापरू नका, आवळताना तुटतो. पावसात चेंडू भिजला तर जड होऊन रॅकेटीची तात सैल करतो, म्हणून तो दिवस पॅडवर काढा.

हा चेंडू फुलासारखा मंदावत नाही, पण वाऱ्यावर भरकटतही नाही, आणि तोंडावर बसला तरी मूल हसतं.

वेळ सकाळची ठेवा. किनाऱ्यावर दुपारकडे समुद्राचा वारा सुरू होतो, त्यामुळे खेळाची तासिका शेवटची असेल तर वेळापत्रकातच बदल करून पहिली घ्या. मारणाऱ्याच्या तोंडावर वारा येईल अशी जोडी उभी करा, म्हणजे मारलेला चेंडू हद्दीबाहेर पळत नाही. दर तीन मिनिटांनी बाजू बदला, नाहीतर निम्मी मुलं घरी जाऊन सांगतील की आम्हाला येत नाही. जागतिक बॅडमिंटन महासंघाने 2019 मध्ये मोकळ्या हवेतलं एअरबॅडमिंटन आणलं, त्याचं फूलही वेगळं असतं. ते मिळालं तर मोठ्या मुलांसाठी जरूर बघा. तिसरी-चौथीला लोकर पुरते.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला बॅडमिंटनची रॅकेट घ्यावी की टेनिसची? दुकानदार म्हणतो मोठीच घ्या, पुढे चालेल. (पालक, डोंबिवली)

मोठी घेऊ नका. रॅकेट हा शाळेचा गणवेश नाही, वाढत्या मापाचा घ्यायला. नियमाप्रमाणे बॅडमिंटनची रॅकेट जास्तीत जास्त 68 सेंटिमीटर लांब असू शकते, आणि दुकानातल्या बहुतेक जवळपास तेवढ्याच असतात. वजनाची अडचण फारशी नाही, त्या शंभर ग्रॅमच्या आतबाहेर असतात. अडचण लांबीची आणि मुठीच्या जाडीची. सहा वर्षांच्या मुलाला 55 सेंटिमीटरच्या आसपासची मुलांची रॅकेट घ्या. जत्रेतली प्लास्टिकची बॅट आणि स्पंजचा चेंडूही पहिले सहा महिने झकास चालतो. तात तुटली तर गटिंग करताना, म्हणजे नवी तात भरताना, ताण 16-18 पौंडांच्या वर नेऊ देऊ नका. ताठ जाळीवर लहान हाताचं फूल उडतच नाही.

टेनिसच हवं असेल तर मुलाला सरळ उभं करा, हात बाजूला सोडून रॅकेट धरायला द्या. टोक जमिनीला जेमतेम टेकत नसेल तर माप बरोबर. सहाव्या वर्षी ते साधारण 21 इंच येतं. पिवळा चेंडू घेऊ नका, तो टप्पा घेऊन मुलाच्या डोक्यावरून जातो. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा 75 टक्के मंद असतो, नारिंगी 50, हिरवी खूण असलेला 25. लालपासून सुरू करा. इमारतीच्या भिंतीवर मारत असाल तर दोन टप्पे पडू द्या, आणि तळमजल्याच्या काचा आधी बघा.

प्रश्न : आमच्या मुली चांगल्या खेळतात, पण सर्व्हिस जाळ्यात जाते किंवा हुकते. तालुक्याच्या स्पर्धेत त्यावरच गुण जातात. (शिक्षक, पंढरपूर)

बहुतेक शाळांत सर्व्हिस फोरहँडने, हात मागून फिरवून शिकवतात. त्यात डाव्या हाताने फूल सोडणं आणि उजव्याने फिरवणं, दोन हातांची वेळ जुळावी लागते. मुलं फूल वर उडवतात, आणि मग हुकतात. बॅकहँडची सर्व्हिस आधी शिकवा. उजवा पाय पुढे. डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत फुलाची पिसं टोकाशी धरा, बूच खाली, कमरेच्या उंचीवर, अंगापासून हातभर पुढे. रॅकेटीचा चेहरा फुलाच्या मागे, वीतभर अंतरावर आणून थांबा. एक श्वास. मग फूल फक्त सोडायचं आणि अंगठ्याने ढकलायचं. फूल उडवायचं नाही, रॅकेट मागे न्यायची नाही. मागे न्यायचा मोह होणाऱ्या मुलीच्या काखेत दुमडलेला रुमाल ठेवा, तो पडला की हात मोठा फिरला.

सुरुवातीला दोरी 1.20 मीटर उंचीवर बांधा आणि दोरीपासून दीड मीटरवरून दहा-दहा सर्व्हिस करून घ्या. दहापैकी आठ पलीकडे गेल्या की अंतर अर्ध्या मीटरने वाढवा. पूर्ण अंतर गाठेपर्यंत उंची वाढवू नका. जाळं मधे 1.524 मीटर असतं, तिथे शेवटी जायचं. पलीकडे फक्कीने गोल आखून त्यात सायकलचा टायर ठेवला की नेमाची गोडीही लागते.

नियमाची भीती मुलांना घालू नका. 2018 पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत मारताना अख्खं फूल जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली असावं लागतं. सव्वा मीटर उंचीच्या मुलीला ती रेषा कपाळाजवळ येते, ती ओलांडणं तिला प्रयत्न करूनही जमायचं नाही. तालुक्याच्या स्पर्धेत पंच कुठला नियम लावणार, ते आधी विचारून घ्या. फूल कमरेच्या खाली हवं, हा जुना नियम लावणारेही भेटतात. (या खेळाचे पहिले नियम 1870 च्या दशकात पुण्यात बांधले गेले आणि त्याला तेव्हा ‘पूना’च म्हणत, ही गोष्ट मुलींना जरूर सांगा. पंचांना सांगू नका.)

प्रश्न : पावसाळ्यात वर्गातच खेळावं लागतं. टेबल टेनिसचं टेबल नाही. (शिक्षिका, महाबळेश्वर)

चार बाक जोडा, मधे पुस्तकं उभी लावा. खऱ्या जाळीची उंची 15.25 सेंटिमीटर, तेवढ्याच्या जवळपास जातील अशी पुस्तकं निवडा. पण आधी आठवडाभर जाळीशिवाय, चेंडू बाकावरून नुसता घरंगळवत खेळू द्या. बॅटचा चेहरा तिरपा झाला की चेंडू कडेवरून पडतो, त्यामुळे कोनाची समज पटकन येते. बाकांच्या फटीवर लांब पट्टी ठेवून चिकटपट्टी मारा, नाहीतर चेंडू तिथेच अडकून वाद होतात.

प्रश्न : नातू डावखुरा आहे. त्याला उजव्या हाताने शिकवावं का? (आजी, सांगली)

नाही, आजी. तुम्ही उजव्या असाल तर त्याच्यासमोर उभ्या राहून करून दाखवा, तो आरशात बघितल्यासारखं उचलेल. आणि शाळेत सरांना एवढं सांगा, की ओळीत उभं करताना त्याला सगळ्यात डाव्या टोकाला ठेवा. मधे उभा राहिला तर डावीकडच्या मुलाची रॅकेट आणि त्याची रॅकेट एकमेकींवर आपटतात.